पंधरा ते पन्नास : जुन्या स्पोर्ट्स कारच्या जतनातील अवघड वर्षे

भारतात मोटारीच्या आयुष्यातील दोन वर्षे निर्णायक ठरतात : पंधरावे आणि पन्नासावे. पंधराव्या वर्षी तिच्या पहिल्या नोंदणीची मुदत संपते आणि शासनदरबारी ती जुने वाहन ठरते. पन्नासाव्या वर्षी तीच मोटार, मूळ स्वरूपात टिकून राहिली असेल तर, ‘व्हिंटेज’ म्हणून मानाने नोंदवली जाऊ शकते. मधल्या पस्तीस वर्षांत मात्र तिला कोणतीही विशेष ओळख नसते. रोजच्या वापराच्या गाड्यांच्या बाबतीत याची खंत करण्याचे कारण नाही; त्यांपैकी बहुतेक मोडीत निघतात आणि त्यांची जागा नव्या गाड्या घेतात. स्पोर्ट्स कारचे तसे नाही. ती मुळातच अल्प संख्येने बनते आणि भारतात तर त्याहूनही अल्प संख्येने आलेली असते. अशी एक गाडी भंगारात गेली की तिच्या जागी दुसरी मिळण्याची शक्यता फारच कमी असते.

म्हणूनच अशा मोटारीची मालकी ही केवळ हौस राहत नाही. कायदा, इंधन, सुटे भाग आणि कारागीर या चारही आघाड्यांवर मालकाला दीर्घकाळ सावध राहावे लागते.

कायद्याची चौकट

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी देशभर एकसमान पद्धत लागू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट आहे. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. पूर्वी भारतात नोंदवलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

या मान्यतेसोबत एक मर्यादाही येते. अशी गाडी नियमित प्रवासासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती चालवण्याची मुभा आहे.

पन्नाशीच्या अलीकडील गाड्यांना हे नियम लागू नाहीत. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये झाले, तर आयात केलेल्या मोटारीसाठी ते ४० हजार रुपये ठरवण्यात आले. वीस वर्षांवरील वाहनांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढले. भारतातील बहुसंख्य स्पोर्ट्स कार आयात केलेल्या असल्याने अधिक शुल्काचा भार त्यांच्याच मालकांवर पडतो.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील स्थिती याहून बिकट आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मनाई झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीबाबत न्यायालयाने नवे आदेश दिले. त्यामुळे त्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने, किंवा तेथून ती दुसऱ्या राज्यात नेणाऱ्याने, चालू आदेश आणि ना हरकत प्रमाणपत्राची शक्यता या दोन्ही बाबी आधी तपासणे अत्यावश्यक ठरते.

इतर देशांत ही दरी एवढी रुंद नाही. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाच्या व्याख्येनुसार किमान ३० वर्षांचे, मूळ स्वरूपात जपलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक मानले जाते. जर्मनीत ३० वर्षांनंतर अशा गाडीला स्वतंत्र क्रमांकपट्टी मिळू शकते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर ती वाहन करातून मुक्त होऊ शकते. भारतात १९७६ साली नोंदलेली गाडी २०२६ मध्ये पन्नाशी गाठते. पण २००५ साली नोंदलेल्या गाडीला २०५५ पर्यंत वाट पाहावी लागेल. तोवर तिचा प्रत्येक मालक तिला जपण्याइतका चिकाटीचा निघेल, याची शाश्वती नाही.

मूळपणाचे मोल

जुन्या गाडीला नवी झळाळी देणे म्हणजेच तिचे पुनरुज्जीवन, असा सर्वसाधारण समज आहे. जाणकारांचा दृष्टिकोन गेल्या काही दशकांत बराच बदलला आहे. ‘फिवा’ने स्वीकारलेली ट्यूरिन सनद प्राचीन वास्तूंच्या संवर्धनाची तत्त्वे वाहनांना लागू करते. त्यानुसार प्रथम पसंती जतनाला, नंतर आवश्यक तेवढ्या दुरुस्तीला आणि शेवटी संपूर्ण पुनर्निर्मितीला द्यावी. तसेच केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवावी. गाडी पुन्हा रंगवणे केव्हाही शक्य असते, परंतु कारखान्यातील मूळ रंग एकदा खरवडून काढला की तो परत येत नाही, हे यामागचे साधे कारण आहे.

बाजारानेही हे मोल ओळखले आहे. फ्रान्सच्या पश्चिम भागातील एका वाड्याच्या आवारात अनेक वर्षे विस्मृतीत पडून राहिलेला बायों कुटुंबाचा मोटारसंग्रह फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिस येथे लिलावात निघाला. त्यातील धुळीने माखलेली, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबलेली १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना विकली गेली. तिच्यावर कोणतेही काम झालेले नव्हते, आणि तीच तिची खरी जमेची बाजू होती.

भारतात या मूळपणावर सर्वाधिक आघात झाला तो इंजिन बदलण्याच्या प्रथेमुळे. पेट्रोल महाग आणि सुटे भाग दुर्मीळ असण्याच्या काळात असंख्य जुन्या गाड्यांमधून मूळ पेट्रोल इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. तत्कालीन मालकांच्या दृष्टीने तो व्यवहार्य निर्णय होता. किंबहुना त्यामुळेच काही गाड्या चालू राहिल्या. मात्र सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळणे हा आज किमतीचा आणि कायदेशीर मान्यतेचाही पाया झाला आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे रुंद टायर, मोठे इंजिन किंवा कापून बदललेले कवच यांचा मोह आधुनिक स्पोर्ट्स कारच्या मालकालाही महागात पडू शकतो.

ज्या गाड्या देशाबाहेर गेल्या त्यांची कहाणी वेगळी आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून तिच्यावर केशरी व काळ्या रंगांचे उघडे स्पीडस्टर कवच चढवून घेतले. आठ सिलिंडर आणि सुपरचार्जर असलेल्या एसजेची क्षमता कंपनी ३२० अश्वशक्ती सांगत असे. होळकरांची ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यानंतर अनेक संस्थानी वाहनगृहे रिकामी होत गेली. त्या काळी या मोटारी जुनाट आणि खर्चिक वाटत होत्या. वारसा म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी नंतर आली. आज विसाव्या वर्षात असलेल्या गाड्यांबाबत त्याच चुकीची पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे.

उभी गाडी लवकर झिजते

गाडी कमी चालवली तर ती अधिक टिकते, हा दुसरा सार्वत्रिक समज. वास्तविक दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे नुकसान नियमित चालणाऱ्या गाडीपेक्षा अधिक होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि आतील सिलिंडर व पिस्टन गंजून अडकतात. म्हणून गाडी चालो वा न चालो, साधारणतः दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे लागते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून गेल्यावर उरणारा चिकट थर बारीक छिद्रे बुजवतो. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची क्लचपट्टी फ्लायव्हीलला चिकटून बसते. कोकण, गोवा, केरळ किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत तर चाकांच्या वरची कमान, दारांचा तळ आणि जमिनीचा पत्रा आतून कुजत जातो. बाहेरून रंग शाबूत दिसत असल्याने हे वेळीच लक्षात येत नाही.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची अनेकांची सवय असते. तिचा उपयोग होण्याऐवजी अपायच होतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरेसे तापले तर ती बाहेर पडते. अन्यथा तिचे पाणी होऊन ते इंजिन तेलात आणि धुराड्यात साचते. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेल आणि पाणी पूर्ण तापेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवणे हितकर. तसे शक्य नसेल तेव्हा बॅटरीला मंद विद्युतप्रवाहाचा चार्जर जोडणे, टायरमध्ये हवा भरलेली ठेवणे, हवेशीर सुती आच्छादन वापरणे आणि उंदरांपासून वायरिंगचे रक्षण करणे ही किमान पथ्ये ठरतात.

टायरचा प्रश्न सुरक्षेशी थेट निगडित आहे. क्वचित चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी वर्षानुवर्षे नवी दिसते, पण रबर कडक होऊन त्याची पकड जाते. टायरच्या बाजूवर चार अंकी उत्पादन संकेत असतो. ‘२३१८’ याचा अर्थ २०१८ सालचा तेविसावा आठवडा. वेगवान गाडीत नक्षीच्या खोलीपेक्षा या तारखेला अधिक महत्त्व द्यावे लागते.

बदललेले इंधन

जुन्या इंजिनांची रचना त्या काळच्या इंधनानुसार झाली होती. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिशाची संयुगे असत. ती ठोके रोखत आणि व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतात तिचे झिजेपासून रक्षणही करत. प्रदूषण आणि आरोग्याला होणारा अपाय लक्षात घेऊन भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. तो निर्णय सर्वस्वी योग्य होता; मात्र जुन्या इंजिनांचे काम काढताना कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेणे त्यामुळे गरजेचे झाले.

आता तसाच बदल इथेनॉलमुळे झाला आहे. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. आयात खनिज तेलावरील अवलंबित्व कमी करणे आणि ऊस, मका, धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना बाजारपेठ देणे हा त्यामागचा हेतू आहे. जुन्या गाड्यांसाठी मात्र त्याचे तीन परिणाम संभवतात. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि पडदे मऊ करते किंवा फुगवते. ते पाणी शोषून घेते, त्यामुळे लोखंडी टाकी आतून गंजते. शिवाय त्याच्या ज्वलनाला पेट्रोलच्या तुलनेत कमी हवा लागते. त्यामुळे पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्ब्युरेटरमधून इंजिनाला मिळणारे मिश्रण विरळ होते आणि इंजिन अधिक तापते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नोंदवला होता.

यावर उपाय आहेत आणि ते फार अवघडही नाहीत. इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आधुनिक रबराच्या बसवणे, कार्ब्युरेटरचे जेट बदलून मिश्रण पुन्हा जुळवणे, टाकीला आतून संरक्षक थर देणे आणि लांब काळ गाडी उभी ठेवताना पेट्रोल काढून घेणे एवढे केले तरी मोठे नुकसान टळते. जुन्या नळीतून गळलेले पेट्रोल तापलेल्या धुराड्यावर पडले तर क्षणार्धात आग लागते. म्हणून नळ्या बदलण्याचे काम खर्चाच्या यादीत सर्वांत वर असावे.

इंजिन तेलाबाबतही नव्याचा आग्रह नेहमी योग्य नसतो. आधुनिक तेलांत जस्त आणि फॉस्फरस यांच्या संयुगांचे प्रमाण कमी केलेले असते, कारण ती धूरशुद्धीकरण यंत्रणेला बाधक ठरतात. जुन्या इंजिनांतील सपाट टॅपेट आणि कॅमशाफ्ट यांना मात्र झीज टाळण्यासाठी हीच संयुगे लागतात. म्हणून जुन्या इंजिनांसाठी खास बनवलेले तेल वापरण्याचा सल्ला दिला जातो.

आधुनिक गाडीचे वार्धक्य

१९९० नंतरच्या स्पोर्ट्स कार गंजापेक्षा गुंतागुंतीने अधिक हैराण करतात. १९९० च्या दशकातील फेरारी एफ-३५५ चा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलण्यासाठी पूर्ण इंजिन गाडीतून उतरवावे लागते. पुढच्या ३६० मोडेना या गाडीत आसनांमागील झडप उघडून तेच काम करण्याची सोय झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे बनलेल्या पोर्शे ९११ आणि बॉक्स्टर या गाड्यांत इंजिनातील मधल्या दांड्याचे बेअरिंग निकामी होण्याचा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. अशा गाड्यांच्या खरेदीत ते बेअरिंग बदलले आहे काय, हा जाणकारांचा पहिला प्रश्न असतो.

त्याखेरीज इंजिन नियंत्रक संगणकातील भाग कालांतराने निकामी होतात, वायरिंगचे आवरण ठिसूळ होते, आतील मऊ प्लॅस्टिकची बटणे चिकट होऊ लागतात. कंपनीने जुन्या प्रणालीचे तपासणी यंत्र बंद केले तर बिघाड शोधणेही कठीण होते. १९६० च्या गाडीचा भाग एखादा कुशल टर्नर लेथवर घडवून देऊ शकतो. २००५ च्या गाडीचा संगणक तसा घडवता येत नाही. या अर्थाने मधल्या पिढीच्या गाड्या वयाने तरुण असूनही जतनाच्या दृष्टीने अधिक नाजूक आहेत.

हात आणि हत्यारे

भारतातील पुनरुज्जीवनाची खरी शक्ती तिच्या कारागिरांत आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार आणि चेन्नईत पुदुपेट या बाजारांत जुन्या गाड्यांचे भाग शोधत पिढ्या गेल्या. हातोडी आणि ठोकळ्यावर पत्रा घडवणारे, शिशाचा झाळ देऊन सांधे मिटवणारे, आसनांचे चामडे शिवणारे कारागीर अजून आहेत. मात्र त्यांची पुढची पिढी या कामात येताना विरळाच दिसते. या कौशल्याचे बारकावे छापील पुस्तकात सापडत नाहीत. उदाहरणार्थ, पन्नाशीच्या दशकापूर्वीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे आटे व्हिटवर्थ मापाचे असतात. त्यांवर आजचे मेट्रिक पाने चालवले की नटांचे कोपरे झिजून जातात.

परदेशात काही उत्पादकांनी ही जबाबदारी स्वतः स्वीकारली आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून एमजीबी या लोकप्रिय गाडीची संपूर्ण कवचे मूळ साच्यांवर पुन्हा बनवली जाऊ लागली. जपानच्या माझदाने २०१७ मध्ये आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली आणि कापडी छतापासून टायरपर्यंतचे भाग पुन्हा उपलब्ध करून दिले. पोर्शेने ९५९ सारख्या दुर्मीळ गाडीचे काही भाग त्रिमितीय छपाईने बनवण्यास सुरुवात केली. भारतात बनलेल्या स्पोर्ट्स कारच्या पाठीशी मात्र असा आधार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीची सॅन स्टॉर्म आणि दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती अशी मोजकीच नावे या यादीत आहेत. त्यांच्या मालकांना फायबरग्लासचे कवच स्वतःच्याच बळावर सांभाळावे लागते. इंजिने रेनो कंपनीची असल्याने त्यांचे काही भाग मिळू शकतात, एवढाच काय तो दिलासा.

खरेदीपूर्वीचे प्रश्न

या सर्वांचा निष्कर्ष व्यावहारिक आहे. गाडीच्या चकाकीपेक्षा तिची कागदपत्रे आधी पाहावीत. नोंदणी पुस्तिका, आयात असल्यास सीमाशुल्काचे कागद, सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक आणि दुरुस्त्यांची बिले यांत मेळ नसेल, तर कितीही आकर्षक किंमत नाकारणे श्रेयस्कर. स्वस्तात घेतलेली कुजलेली गाडी अखेरीस चांगल्या स्थितीतील गाडीपेक्षा महाग पडते, कारण पत्र्याचे आणि रंगाचे काम यंत्राच्या कामापेक्षा बहुधा अधिक वेळ आणि पैसा खाते. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे छायाचित्रे आणि मूल्यांकन अहवाल जोडून ते लेखी निश्चित करून घेणे मालकाच्या हिताचे असते.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि काढलेला कोणताही मूळ भाग, तो निकामी असला तरी, टाकून देऊ नये. ब्रेक, सुकाणू, इंधननळ्या आणि टायर ही कामे आधी. रंग आणि क्रोमची झिलई शेवटी. हा क्रम उलटला की गाडी दिसते सुंदर, पण चालवण्यास धोकादायक राहते.

धोरणाच्या पातळीवर प्रश्न उरतो तो मधल्या पस्तीस वर्षांचा. जुन्या, धूर ओकणाऱ्या वाहनांना रस्त्यावरून हटवण्याचा हेतू रास्त आहे. त्याच वेळी वर्षाकाठी मोजकेच किलोमीटर चालणाऱ्या, उत्तम निगा राखलेल्या आणि मूळ स्वरूपातील गाडीला मर्यादित वापराच्या अटीवर तिसाव्या वर्षी वेगळी ओळख देता येईल, हे इतर देशांच्या अनुभवावरून दिसते. तशी तरतूद होईपर्यंत या गाड्यांचे भवितव्य त्यांच्या मालकांच्या कागदांवर, गॅरेजमधील जुन्या फिटरच्या हातांवर आणि महिन्यातून एकदा तरी होणाऱ्या वीस किलोमीटरच्या फेरीवर अवलंबून राहणार आहे.